मरून दोरा आणि एलईडीची पट्टी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आधी तुमच्या रविवारच्या पुरवणीत घर सजावटीच्या पानावर एक लेख आला होता, जुनी ट्यूबलाईटची पट्टी काढून फेका, एलईडी स्ट्रिप आणा, मागचा कागद काढा, चिकटवा, पाच मिनिटात घर नवं. तो लेख मी कापून ठेवलाय. मला कापायची सवयच आहे म्हणा, मी अमळनेरला घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस, बावीस वर्षं झाली. आणि हे पाच मिनिटांचं काम मी स्वतः करून बसलेय, ते मला दिवाळीपासून आखाजीपर्यंत (म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत) पुरलं, त्यात एक ॲडाप्टर जळाला, एका मॅडमचा ब्लाउज बिघडला आणि शेवटी अर्धी स्ट्रिप माझ्या मानेवर येऊन पडली, म्हणून म्हटलं आता लिहावंच. पत्र लांबलं तर बिनधास्त कात्री लावा, फक्त ड्रायव्हरचं (स्ट्रिपला करंट पुरवणारा डबा) आणि दोऱ्याचं जे लिहिलंय तेवढं राहू द्या.

आमची मागची खोली पत्र्याची आहे, तिथंच माझं कटिंग टेबल आणि दोन मशिनी. टेबलाच्या वर चार फुटी डबल ट्यूबची फिटिंग होती, पांढऱ्या रंगाच्या जाड पत्र्याची, उलट्या पराती सारखी पसरट. ती माझ्या सासऱ्यांनी लावलेली, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा प्रताप मिलमध्ये विव्हिंगला होते, मिल बंद पडली पण मिलमधल्या सवयी काही सुटल्या नाहीत. ते म्हणायचे कापडाच्या कामाला एक ट्यूब कधी लावायची नाही, दोन लावायच्या, नाहीतर फिरतं चाक उभं दिसतं आणि माणूस हात घालतो. मला वाटायचं असंच काहीतरी सांगताय. पण मग एकदा गंमत म्हणून मशीनच्या चाकावर खडूने रेघ मारली आणि पुढच्या खोलीतल्या एका ट्यूबखाली मोटर चालवली, तर एका ठराविक स्पीडला ती रेघ चक्क उभी राहिली आणि मग हळूच उलटी फिरायला लागली. चाक जोरात फिरतंय आणि रेघ उलटी चाललीय! साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असते, डोळ्याला कळत नाही पण फिरत्या चाकाला कळतं. माझा भाचा आयटीआयला वायरमन ट्रेडला आहे, त्याने नंतर आबांची फिटिंग खोलली तेव्हा आत दोन चोक निघाले आणि त्यातल्या एकाला कपॅसिटर जोडलेला, म्हणजे एक ट्यूब मंद होते तेव्हा दुसरी तेज असते अशी ती जोडणी होती. आबा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली, त्यांना त्यातलं शास्त्र माहीत असेल नसेल पण गोष्ट पक्की माहीत होती.

आता असं होतं तर बदललं कशाला म्हणाल. एक तर लाईट बिल. चाळीस चाळीसच्या दोन ट्यूबा, वरून प्रत्येक चोक दहा-बारा वॅट स्वतःच खातो, म्हणजे झाले शंभर वॅट, आणि माझं काम दिवसाला आठ तास, लग्नसराईत तर दहा-बारा. दुसरं म्हणजे आपल्याकडचं उन्हाळ्यातलं व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर चालू झाले की ट्यूब नुसती लुकलुक करायची, मग मी स्टुलावर चढून स्टार्टर फिरवायचा, टोकं काळी पडलेली ट्यूब काढून परत लावायची, आणि खाली बाई फॉलसाठी साडी घेऊन उभी. सासूबाई आमच्या अहिराणीत म्हणायच्या, ट्यूब लागस तवलोंग काम सरी जास, म्हणजे ट्यूब लागेपर्यंत काम संपून जातं. खोटं नव्हतं ते.

आता कोणी म्हणेल की मग सरळ एलईडी ट्यूब आणायची, जुन्याच होल्डरात बसते, चोक-स्टार्टर काढून टाकले की झालं, वीस वॅटमध्ये काम होतं. बरोबर आहे, आणि घरात बैठकीला, स्वयंपाकघराला मी पण तेच सांगेन, उगाच स्ट्रिपच्या नादी लागू नका. फक्त वायरमनला एवढं विचारा की ही ट्यूब एका टोकाला करंट घेते की दोन्ही टोकांना, कारण दोन्ही प्रकार मिळतात आणि वायरिंग वेगवेगळी लागते, उलटसुलट केलं तर शॉर्ट होऊ शकते. माझी अडचण वेगळी होती, सावलीची. एका ट्यूबचा उजेड एका रेषेतून येतो, हात सुईजवळ नेला की हाताची सावली बरोबर सुईवर पडते आणि काळ्या कापडावर काळा दोरा असला की मग देवाचं नाव घ्यायचं. आबांची पट्टी चांगली पसरट, तिच्यात चार ओळी स्ट्रिप बसते, उजेड चारी बाजूंनी येतो, सावली जवळजवळ पडत नाही. म्हणून स्ट्रिप.

तर २०२३ च्या दिवाळीत मी जळगावला गेले होते, तिथून एका दुकानातून पाच मीटरचा रोल आणला, बारा व्होल्टचा, पांढरा, मीटरला १२० एलईडी. दुकानदाराने सोबत एक काळा ॲडाप्टर दिला, मी विचारलं पण हा पुरेल का, तर म्हणे ताई सगळे हाच नेतात. आता मी माझ्या भाषेत सांगते. रोलवर लिहिलेलं होतं मीटरला ९.६ वॅट, पाच मीटरचे झाले ४८ वॅट, बारा व्होल्टने भागलं की चार अँपिअर. आणि ॲडाप्टरवर बारीक अक्षरात काय होतं, १२ व्होल्ट २ अँपिअर. म्हणजे जिथं मीटरभर कापड लागतं तिथं अर्धा मीटर दिलं आणि म्हणे बसवा. कापड असतं तर मी दुकानातच ओरडले असते, पण हे करंटचं गणित आहे ना, बायका विचारत नाहीत आणि पुरुष पण विचारत नाहीत, उगाच समजल्यासारखी मान हलवतात (आमचे मिस्टर सोबतच होते).

कापायचं मात्र मला आवडलं, खरं सांगते. स्ट्रिपवर दर तीन एलईडीनंतर तांब्याचे ठिपके आणि मधोमध बारीक कात्रीची खूण छापलेली असते, तिथंच कापायचं. १२० च्या स्ट्रिपला ती खूण बरोबर अडीच सेंटीमीटरवर येते, म्हणजे आपला इंच म्हणा ना. चार फुटाचे चार तुकडे काढले आणि पाच मीटरमधून वीतभर पण वाया गेलं नाही, असं कापड मला आजपर्यंत कोणत्या गिऱ्हाईकाने दिलेलं नाही. एका ठिकाणी घाईत खूण सोडून कापलं तर तेवढे तीन एलईडी मेले, बाकी तुकडा चालू राहिला. आणि हो, कापडाची कात्री वापरू नका, तांबं कापून धार जाते, जुनी घ्या.

मग चारही तुकडे एकाच्या शेपटीला दुसरा असे जोडले, पट्टीला चिकटवले, ॲडाप्टर पट्टीच्या वर लपवला आणि लावली लाईट. पहिला तुकडा झक्क पांढरा आणि चौथा पिवळट मरगळलेला. भाच्याने फोनवरच सांगितलं की मावशी, करंट त्या कागदासारख्या पातळ तांब्यातून चार फूट, आठ फूट, सोळा फूट जातोय, शेवटी पोचतो तेव्हा व्होल्टेज कमी झालेलं असतं, शेतातल्या शेवटच्या घराला लाईट कमी मिळते तसंच. रांगेत जोडायचं नाही, प्रत्येक तुकड्याला ड्रायव्हरपासून वेगळी वायर न्यायची. तेवढं दुरुस्त करून घेतलं. ॲडाप्टरचं मात्र कोणी बघितलं नाही.

तीन आठवडे चालला तो. रोज हात लावला की इस्त्रीसारखा गरम. शिवणकामाच्या खोलीत हवेत बारीक सूत उडत असतं, पंख्याच्या पात्यावर बसतं, पट्टीच्या वर तर त्याची गादी झालेली असते, आणि त्या गादीवर तो तापलेला ॲडाप्टर ठेवलेला. एका दुपारी प्लास्टिक जळल्याचा वास आला, मला आधी वाटलं इस्त्री विसरले, इस्त्री बघितली, बंद. वर बघितलं तर पट्टीच्या कडेने धुराची एक बारीक रेघ. मेन स्विच बंद केला, थंड झाल्यावर उतरवला तर ॲडाप्टरचं खालचं बूड वितळून पत्र्याला चिकटलेलं आणि बाजूचं सूत काळं. खाली टेबलावर तेव्हा नवरीचे सात ब्लाउज कापून ठेवलेले होते साहेब. पुढं काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

मग मोठा ड्रायव्हर आणला, ६० वॅटचा, जाळीच्या पत्र्याचा डबा असतो तो. जेवढे वॅट लागतात त्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्तीचा घ्यायचा हा हिशोब तेव्हापासून पाठ आहे. आणि त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) छाप आणि आर अक्षराने सुरू होणारा नंबर आहे का ते बघायचं, भाच्याने सांगितलं म्हणून बघते. उजेड भरपूर पडायला लागला, मी खुश. फक्त सासूबाई खुश नव्हत्या. त्या दुपारी माझ्या खोलीत बसून तांदूळ निवडायच्या, म्हणाल्या, हाऊ उजेड शे का काय शे वं, मना डोया दुखतस. मी म्हटलं तुम्हाला नवीन काहीच आवडत नाही. तो ६५०० केल्विनचा (उजेड निळसर की पिवळट ते या आकड्यावरून कळतं) निळसर पांढरा होता, दुकानात तोच जास्त उजेडाचा वाटतो म्हणून सगळे तोच उचलतात.

आता दोऱ्याची गोष्ट. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ९७ वं, याआधी इथं १९५२ ला झालं होतं म्हणजे ७२ वर्षांनी. गावात काय धावपळ होती विचारू नका, शाळा-कॉलेजच्या मॅडम लोकांनी साड्या काढल्या आणि ब्लाउज सगळे माझ्याकडे आणि माझ्यासारख्यांकडे. एका मॅडमची मरून काठाची साडी, ब्लाउज मोतिया रंगाचा, त्याला गळ्याला आणि बाहीला मरून पायपिंग. रात्री साडेदहाला मी पायपिंग काढली, साडीच्या काठाला लावून बघितली, एकदम मॅच. दोरा लावून बघितला, मॅच. शिवून टाकला. मॅडम दुसऱ्या दिवशी घेऊन गेल्या आणि तीन दिवसांनी परत आल्या. म्हणाल्या ताई, घरी बरोबर दिसत होतं हो, मंडपाच्या बाहेर उन्हात फोटो काढला तर पायपिंग चॉकलेटी. मी ओट्यावर नेऊन बघितलं. चॉकलेटीच होती. डब्यात मरून आणि चॉकलेटीची दोन बंडलं शेजारी शेजारी होती आणि मी रात्री दुसरं उचललं होतं. बावीस वर्षांत अस्तर चुकलं असेल, माप चुकलं असेल, पण रंग चुकला नव्हता माझा कधी, त्या रात्री मला झोप नाही लागली.

मी परत आत येऊन दोन्ही बंडलं त्या स्ट्रिपखाली धरली, तर माय, एकसारखी! मेणबत्ती लावून बघितली, वेगळी. मोबाईलच्या बॅटरीत परत एकसारखी. तेव्हा कळलं की डोळे माझे ठीक आहेत, उजेडच खोटा आहे.

भाच्याला बोलावलं. त्याने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. पांढरी एलईडी मुळात पांढरी नसतेच, आत निळी असते, वरून पिवळी पावडर लावलेली असते, निळं आणि पिवळं मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. (ही निळी एलईडी बनवायलाच इतकी अवघड होती की ज्यांनी बनवली त्या मूळच्या जपानच्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं.) पण स्वस्तातल्या पावडरीत लाल भाग फार कमी असतो. आता उजेडातच लाल नाही तर मरून कापड लाल परत कुठून फेकणार, ते तपकिरीच दिसणार. याला मार्क देतात, सीआरआय म्हणतात, शंभरपैकी. आपला जुना पिवळा बल्ब जवळपास शंभर. स्वस्त स्ट्रिप सत्तर-ऐंशी. आणि यात पण एक मेख आहे, हे मार्क आठ फिक्या रंगांची सरासरी काढून देतात, गडद लाल हा नववा विषय, त्याची परीक्षा होते पण मार्क सरासरीत धरत नाहीत. म्हणजे ऐंशी मार्कांनी पास झालेली स्ट्रिप लाल रंगात सपशेल नापास असू शकते आणि रिझल्टवर दिसणार पण नाही. नववीतल्या पोरासारखं झालं हे, गणित सोडून बाकी सगळं सांगतो.

इथं आबांच्या ट्यूबची बाजू घ्यायचा मोह होतो पण खोटं कशाला बोलू, जुनी ट्यूब पण काही फार गुणाची नव्हती रंगाला. म्हणून तर आपल्या बायका साडीच्या दुकानात कितीही लखलखाट असला तरी साडी उचलून दुकानाच्या दारात येतात, बाहेर उजेडात बघू द्या भाऊ, म्हणतात. दुकानदार तोंड वाकडं करतो. पण त्या बायका बरोबर आहेत, दोन वेगळे रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फाटतात, हे होतंच. फरक एवढाच की ट्यूब होती तेव्हा मला तिची खोड माहीत होती, रंगाचं काम मी दिवसाच ओट्यावर करायचे. नवीन लाईट आली, भरपूर उजेड पडला, आणि मी रात्री साडेदहाला रंग बघायला लागले.

तर दुसरी स्ट्रिप घ्यायची हे ठरलं पण लग्नसराई सुरू झाली, राहून गेलं. ते काम आखाजीने केलं. १० मे होती आखाजी त्या वर्षी. आपल्याकडचा मे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, ४४-४५ डिग्री, त्यात पत्र्याची खोली, पत्र्याखाली हातभर अंतरावर ती पट्टी. माहेरवाशिणी आलेल्या, ननंदा पुढच्या दारात झोक्यावर, मी म्हटलं पुरणपोळीचं खापर तापेपर्यंत एक हुक लावून घेते. खाली वाकलेले, तर मानेवर काहीतरी गरम, लांब, सळसळत पडलं. मी जी किंचाळले, ननंदा झोक्यावरून उड्या मारून आल्या, त्यांना वाटलं साप. चारपैकी दोन तुकडे चिकट सुटून लोंबत होते, पेटलेलेच. बारा व्होल्टची म्हणून शॉक नाही लागला. त्या लेखात लिहिलंय ना मागचा कागद काढा आणि चिकटवा, तो डिंक पुण्या-मुंबईकडे टिकत असेल, खानदेशात मे महिन्यात पत्र्याखाली नाही टिकत. त्यात जुन्या पट्टीवर वर्षानुवर्षांचा तेलकट थर, मी नुसत्या फडक्याने पुसलेलं.

तिसऱ्यांदा केलं ते जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, आणि ते आजपर्यंत टिकलंय. भाचा आणि त्याच्या ओळखीचे लायसन्सवाले वायरमन असे दोघं आले. पट्टी उतरवून अंगणात आणली. चोक, स्टार्टर, होल्डर काढले. कपॅसिटरला मला हात लावू दिला नाही, लाईट बंद असली तरी त्याच्यात करंट साठलेला असू शकतो म्हणे, त्यांनी आधी तो मोकळा केला. मग मी ती पट्टी घासली, आतून थिनरने पुसली, आणि साहेब पत्रा काय निघाला, आजच्या फिटिंगला बोटाने दाबलं तर खळगा पडतो, ही वाजवली तर ताट वाजल्यासारखी वाजते. एका कोपऱ्यात आबांनी खिळ्याने तारीख कोरलेली सापडली, ४-११-८३, दिवाळीची वेळ असावी. ही पट्टी फेकायला सांगत होता तुमचा लेख.

आत चार ॲल्युमिनियमच्या चॅनेल स्क्रूने बसवल्या, चार चार फुटाच्या, दुधी झाकणवाल्या. स्ट्रिप आता त्या चॅनेलमध्ये आहे, डिंक सुटला तरी झाकणाच्या बाहेर पडू शकत नाही, आणि मुख्य म्हणजे एलईडीची गरमी ॲल्युमिनियममध्ये आणि तिथून आबांच्या पत्र्यात उतरते. एलईडी गरमीनेच मरते, डिंक पण गरमीनेच सुटतो, म्हणजे जी जड जुनी पट्टी सगळे फेकायला निघालेत तीच खरी तर कामाची वस्तू. झाकणामुळे एकेक ठिपका दिसत नाही, उजेड सारखा पसरतो आणि सूत एलईडीवर बसत नाही, महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसते.

स्ट्रिप या वेळी २४ व्होल्टची घेतली, करंट निम्मा लागतो म्हणून वायर तापत नाही आणि शेवटपर्यंत उजेड सारखा पोचतो. सीआरआय ९० च्या वर लिहिलेली, आणि ४००० केल्विन, म्हणजे ना निळसर ना पिवळट. ही जळगावला चार दुकानं फिरून पण नाही मिळाली, दुकानात सीआरआय विचारलं तर एकाने मला विचारलं ताई ही कोणती कंपनी. ऑनलाईन मागवली. आली तेव्हा आधी टेबलावर पेटवून मरून आणि चॉकलेटीची बंडलं खाली धरली, मग बॉटल ग्रीन आणि काळा, मग नेव्ही ब्लू आणि काळा. मरून लाल दिसला. तेवढ्यासाठी साडेअकराशे रुपये गेले, स्वस्तवाली तीनशेची होती. चॅनेल, ड्रायव्हर, वायर, वायरमन धरून सगळं सव्वातीन हजाराच्या आसपास गेलं. जास्त आहे, मान्य. दरमहा बारा-एक युनिट वाचतात, म्हणजे पैसे निघायला दोन-अडीच वर्षं तरी लागणार, आणि पहिल्या दोन फसलेल्या वेळा धरल्या तर विचारूच नका.

ड्रायव्हर आता पट्टीवर नाही, भिंतीला, बोर्डाच्या शेजारी, लाकडी फळीवर उघडा लावलाय, कापडापासून लांब, हात पोचेल असा. आणि पट्टीला अर्थिंगची हिरवी वायर जोडली, पूर्वी नव्हतीच. पहिल्या दिवशी मी मशीनच्या चाकावर परत खडूची रेघ मारून बघितली, कुठल्याच स्पीडला उभी राहिली नाही. आबा असते तर मान हलवून काहीच बोलले नसते, म्हणजे पसंत.

एक गोष्ट राहिली. डायरेक्ट २३० व्होल्टवर चालणारी जाड स्ट्रिप मीटरवर मिळते, मंडपवाले लावतात ती, स्वस्त पडते, ड्रायव्हर लागत नाही. आमच्या गल्लीत दोघांनी ती जुन्या पत्र्याच्या पट्टीत बसवलीय. तिच्या आत पूर्ण २३० व्होल्ट फिरत असतो, वरचं प्लास्टिक कुठं पत्र्याच्या धारेने कापलं गेलं की पट्टीत करंट उतरला. घरात लोखंडी फिटिंगमध्ये ती नको म्हणजे नको, तुमच्या लेखात दोन्ही स्ट्रिपचे फोटो शेजारी शेजारी छापलेत आणि फरक एका शब्दाने सांगितलेला नाही, मला सगळ्यात जास्त राग त्याचा आलाय.

तसं आमच्या अमळनेरला दिव्यांचं वावडं नाही, इथं १९४५ ला वनस्पती तुपासाठी सुरू झालेल्या विप्रोचं नाव आज बल्बच्या खोक्यावर असतं, गावात जुन्या घरांमध्ये त्या शेअर्सच्या गोष्टी अजून रंगतात. आमच्या आबांनी नव्हते घेतले. त्यांनी ट्यूबची पट्टी घेतली.

शेवटचं म्हणजे त्या दोन ट्यूबा. भंगारवाला आला, चोक लगेच तराजूत टाकले, तांबं आहे ना आत. ट्यूबा म्हटलं तर हात मागे घेतला. ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, काही मिलिग्रॅम, पण फुटली की खोलीत पसरतो, झाडूने झाडायचं नाही, खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबायचं आणि मग ओल्या कागदाने तुकडे उचलायचे. ई-कचऱ्याचे नवीन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात पाऱ्याचे दिवे पण आहेत, बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यांची विल्हेवाट बघायची असं आहे. मग खानदेशातल्या गावागावातून त्या कंपन्यांपर्यंत ट्यूबा पोचवायच्या कशा, कुठल्या गावात कोण घेतं, कोणत्या वारी घेतं, याचा शोध तुमच्या बातमीदारांनी घ्यावा आणि सजावटीच्या त्याच पानावर छापावा एवढी विनंती आहे. सगळे जण ट्यूबा काढताहेत सध्या. माझ्या दोन्ही जुन्या नऊवारीत गुंडाळून कपाटामागे उभ्या आहेत, सासूबाई रोज विचारतात की हे काय ठेवलंय.

मॅडमच्या ब्लाउजची पायपिंग मी बदलून दिली, पैसे घेतले नाहीत. या वेळी दुपारी बारा वाजता, ओट्यावर बसून.

कळावे,
आपली एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव